हिरवेपण कोणाचे?

एखाद्या वस्तूत जो गुण आपणांस दिसतो तो त्या वस्तूचा स्वतःचा, की तिच्या शेजाराने तिच्यावर टाकलेला, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी स्फटिक आणि जास्वंदीचे फूल यांच्या दृष्टांताने सोडविला आहे. निर्मळ स्फटिकाजवळ तांबडे फूल ठेवले म्हणजे स्फटिक तांबडा भासतो. फूल उचलून घेतले की तो पूर्ववत् शुभ्र. म्हणून लाली फुलाची, स्फटिकाकडे ती केवळ उपाधीने आलेली. सांख्यांनी हा दृष्टांत पुरुष आणि प्रकृती यांना लावला, पतंजलींनी योगसूत्रांच्या समाधिपादात निर्मळ मण्याच्या रूपाने तो चित्ताकडे वळविला, आणि शंकराचार्यांनी उपाधी म्हणजे काय हे समजाविताना भाष्यात त्याचाच आश्रय केला. इतक्या थोर विचारांचा भार इतकी शतके वाहणाऱ्या या दृष्टांताविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला असे वाटते की, आपल्या महाराष्ट्राच्या काळ्या कातळात एक असा स्फटिक निपजतो, ज्याच्यासमोर हा दृष्टांत निरुत्तर होतो, आणि ज्याच्या निमित्ताने स्वत्व म्हणजे काय व मोल म्हणजे काय हे दोन्ही प्रश्न नव्याने विचारावे लागतात. तो स्फटिक म्हणजे पुण्याचा हिरवा ॲपोफिलाइट.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दक्षिणेच्या पठारावर लाव्ह्याचे थर एकावर एक साचले आणि त्यांतून आजचा बेसॉल्ट घडला, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्या थिजणाऱ्या रसात वायूचे बुडबुडे अडकून ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढे उष्ण जल झिरपत राहिले आणि त्या जलाने कातळातूनच विरघळवून आणलेली द्रव्ये त्या अंधाऱ्या कोठड्यांच्या भिंतींवर स्फटिकरूपाने ठेवली, हा कथाभाग मात्र क्वचितच कोणी सांगतो. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली वाहतुकीस खुला झाला. त्यापूर्वीची काही वर्षे घाट फोडण्याचे जे प्रचंड काम चालले, त्यात अशा पोकळ्या उघड्या पडल्या आणि आपल्या डोंगरांचे स्फटिक युरोपातील संग्रहालयांत जाऊन बसले. पुढे पुण्याजवळील पाषाणच्या खाणी, जळगाव जिल्हा, वाघोलीच्या खाणी, आणि या शतकाच्या आरंभी राहुरीजवळचा मोमीन आखाडा, जेथे विहीर खणताना पाण्याआधी हिरव्या स्फटिकांचे गोलाकार गुच्छ हाती लागले, अशा ठिकाणांची नावे जगातील खनिजसंग्राहकांच्या तोंडी झाली. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात या सृष्टीचे दर्शन आपल्याच भूमीवर घडते, ही समाधानाची गोष्ट होय.

आता हा स्फटिक हातात घेऊन नीट पाहावा. बोटाच्या पेराएवढा, चौकोनी खांबासारखा, वर चौबाजू निमुळता होऊन टोकाशी आलेला. बाजूंवर उभ्या बारीक रेषा असतात आणि त्या बाजूंची चकाकी काचेसारखी असते. परंतु ज्या दिशेने तो सहज दुभंगतो त्या आडव्या पृष्ठावर नजर नेली की चकाकी बदलते आणि मोत्याच्या शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी मऊ, खोल होते. या लकाकीवरूनच जुन्या युरोपीय खनिजविदांनी त्याला माशाच्या डोळ्याची उपमा दिली होती. जात्या हा मृदू. काठिण्याच्या दहा पायऱ्यांत तो साडेचार ते पाच यांच्या दरम्यान बसतो, म्हणजे नखाला दाद देणार नाही, पण चांगल्या पोलादी चाकूपुढे नमेल आणि काचेवर ओरखडा काढण्याचे सामर्थ्य त्याला नाही. त्याच्या रचनेत पोटॅशियम, कॅल्शियम, सिलिका, फ्लोरीन आणि पुष्कळसे पाणी आहे. ज्योतीत धरला तर ते पाणी निघून जाते आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. यांपैकी एकही घटक हिरवा नाही. म्हणूनच बहुतेक ॲपोफिलाइट रंगहीन असतो, पांढरा असतो; शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर तोच शुद्ध.

मग हे हिरवेपण आले कोठून? १९७४ साली जॉर्ज रॉसमन या अमेरिकन खनिजशास्त्रज्ञाने पुण्याच्या हिरव्या ॲपोफिलाइटमधून प्रकाश गाळून त्याच्या वर्णपटाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि दाखवून दिले की, हा रंग स्फटिकात अत्यल्प प्रमाणात शिरलेल्या व्हॅनेडियमचा आहे. ज्या द्रव्यांनी स्फटिक बनतो त्यांच्या हिशेबात व्हॅनेडियमला स्थान नाही. तो आगंतुक आहे, अशुद्धी आहे. तरीही या आगंतुकावाचून तो स्फटिक जगातील शेकडो पांढऱ्या खड्यांपैकी एक ठरला असता.

येथे जास्वंदीचे फूल आपल्याला काय सांगते? ते सांगेल की, रंग व्हॅनेडियमचा, स्फटिक बापडा निर्मळच. परंतु फूल उचलता येते. हा व्हॅनेडियम उचलून दाखवा. तो स्फटिकाच्या शेजारी ठेवलेला नाही, स्फटिक घडत असतानाच त्याच्या अंतर्रचनेत बसला आहे. त्याला बाहेर काढावयाचे तर स्फटिकच मोडावा लागेल, आणि मोडल्यावर जे उरेल त्याला कोणी ॲपोफिलाइट म्हणणार नाही. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात रूपाचे सात प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत हरित हा एक आहे. वैशेषिकांच्या मते रूप हा गुण द्रव्याच्या ठायी समवायाने राहतो, म्हणजे वस्तू आणि गुण यांचा संबंध दोन शेजाऱ्यांचा नसून त्यांना वेगळे काढून ठेवता येत नाही अशा प्रकारचा असतो. या मापाने पाहिले तर हिरवेपण या स्फटिकाचेच आहे. मला वैशेषिकांचे हे म्हणणे अधिक पटते, आणि त्याचे कारण वैशेषिकांचे आद्य आचार्य कणाद यांच्यावरील माझी भक्ती नसून तो खडा स्वतः आहे.

वेदान्त्याचे उत्तर मी ऐकू शकतो, आणि ते दुबळे नाही. तो म्हणेल, तुम्ही उपाधीच्या चिवटपणालाच स्वभाव समजता आहा; लोखंडाचा गोळा अग्नीत तापून लाल झाला म्हणजे अग्नी त्याच्या कणाकणांत भरलेला असतो, म्हणून काय दाहकता लोखंडाची झाली? ॲपोफिलाइट ही जात रंगहीनही असते. ज्यावाचून जात राहू शकते तो जातीचा स्वभाव नव्हे. हे मान्यच केले पाहिजे. हिरवेपण जातीचे नव्हे. परंतु माझ्या हातात जात नाही, हा एक खडा आहे, आणि या व्यक्तीपुरता विचार केला तर ज्या क्षणी तो अस्तित्वात आला त्या क्षणापासून तो हिरवाच आहे. तापलेला गोळा थंड होतो, हा कोटी कोटी वर्षांत झाला नाही. शिवाय याच व्हॅनेडियमची आणखी एक करणी पाहण्यासारखी आहे. वाघोलीच्या खाणींत कॅव्हान्साइट नावाचे दुर्मिळ खनिज मिळते. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात ते प्रथम सापडले व १९७३ मध्ये त्याचे वर्णन झाले, परंतु त्याचे उत्तमोत्तम नमुने वाघोलीचेच. त्यातही व्हॅनेडियम आहे, त्याच रासायनिक अवस्थेतला, आणि तेथे तो आगंतुक नसून घरचा कर्ता घटक आहे. पण कॅव्हान्साइटचा रंग गडद निळा! एका घरी निळा, दुसऱ्या घरी हिरवा. तेव्हा हिरवेपण एकट्या व्हॅनेडियमचेही नव्हे. जास्वंद कोणत्याही स्फटिकाशेजारी ठेवा, लालीच देईल; हा मात्र ज्या रचनेत नांदतो तिच्या संमतीने रंग देतो. रंग पाहुण्याचा नाही, यजमानाचा नाही; दोघांच्या एकत्र नांदण्याचा आहे, आणि जे एकत्र नांदण्याने निर्माण झाले ते त्या घराचे स्वतःचे नव्हे तर कोणाचे म्हणावे?

हा विचार दगडापुरता ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. माणसातला चांगुलपणा आईकडून आला, गुरूकडून आला, कोणा परक्या गावच्या माणसाच्या सहवासाने आला, म्हणून तो त्या माणसाचा नव्हे, केवळ संस्कार होय, असे म्हणणाऱ्या विरक्तांचे वचन ऐकताना मला नेहमी क्लेश होतात. शुद्ध म्हणजे ज्यात परके काहीच मिसळलेले नाही ते, ही आपली जुनी समजूत धर्माच्या नावाने आपण फार ताणली; सोवळ्याच्या रेषा आखल्या, माणसे दूर ठेवली. पृथ्वीच्या पोटात ज्या स्फटिकात परके शिरले तोच स्फटिक रूपवान झाला, ही गोष्ट त्या समजुतीविरुद्ध पुरावा म्हणून मी पुढे ठेवतो. पुरावा लहान आहे. पण साक्षीदार प्रामाणिक आहे.

ओळख पटविण्याचा प्रश्न याहून कठीण. व्हॅनेडियमचाच इतिहास पाहा. १८०१ साली मेक्सिकोत आंद्रेस मानुएल देल रिओ या खनिजशास्त्राच्या प्राध्यापकाने शिशाच्या एका तपकिरी धातुकात नवे मूलद्रव्य ओळखले. त्याच्या क्षारांचे नाना रंग पाहून त्याला तदनुरूप नावही दिले. नमुने पॅरिसला गेले, आणि १८०५ मध्ये तेथील कॉले-देकोतील या रसायनज्ञाने निर्णय दिला की हे नवीन काही नाही, क्रोमियमच आहे. देल रिओने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले सोडून दिले आणि पॅरिसचा शब्द प्रमाण मानला. पुढे १८३० साली स्वीडनच्या सेफस्ट्रोमने तेच द्रव्य लोहधातुकातून पुन्हा शोधले, आपल्या देशाच्या पुराणातील सौंदर्यदेवतेवरून त्याचे नामकरण केले, आणि दुसऱ्याच वर्षी व्योलर या रसायनज्ञाने सिद्ध केले की मेक्सिकोचे द्रव्य हेच. प्रत्यक्ष आणि शब्द या दोन प्रमाणांत विरोध आला तर कोणाचे ऐकावे, यावर आमच्या नैयायिकांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आहेत. आप्तवाक्य प्रमाण खरे; परंतु आप्त तोच, जो वस्तू जशी आहे तशी जाणतो आणि जशी जाणतो तशी सांगतो. पॅरिसमध्ये बसणे ही आप्तत्वाची अट नव्हे. देल रिओने दाखविलेला विनय मला सद्गुण वाटत नाही. सत्य ज्याच्या हाती आले आहे त्याने ते अधिकाराच्या पायाशी ठेवून देणे हा सत्याचा अपराध आहे, आणि तो विद्वानांच्या हातून वारंवार घडतो.

आमच्या नवघरात हा प्रश्न एका वेगळ्या रूपाने माझ्या दारी आला. नवघर हे एके काळचे स्वतंत्र गाव, आता मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत भाईंदर पूर्वेच्या दाटीत विरून गेलेले. मिठागरे, त्यांच्या पलीकडे खाडी, आणि अलीकडे देशाच्या नाना प्रांतांतून आलेल्या लोकांची वस्ती. जवळच राहणारे एक निवृत्त गृहस्थ कागदात गुंडाळलेला एक हिरवा खडा घेऊन आले. घरातील कोणाच्या पत्रिकेत बुध दुर्बळ असल्याचे निष्पन्न झाले होते, आणि कोणा दुकानदाराने ‘न घासलेला, जन्मजात टोकाचा पाचू’ म्हणून तो त्यांस दिला होता. देवघरात ठेवून बुधवारी त्याची पूजा होत असे.

‘मास्तर, हा पाचूच ना?’ त्यांनी विचारले.

मी त्यांच्याच हाती भिंग दिले आणि म्हटले, ‘दादा, याच्या बाजू मोजा बरे.’

त्यांनी दोनदा मोजल्या. ‘चार.’

पाचूचा नैसर्गिक स्फटिक षट्कोनी असतो. चार बाजूंचा पाचू निसर्गाने घडविलेला नाही. पुढे काही करण्याची वस्तुतः गरज नव्हती, तरी बुडाची मोतिया लकाकी दाखविली, आणि एका कोपऱ्यावर दिसणारी दुभंगाची सपाट पायरीही दाखविली. पाचू काठिण्यात साडेसात ते आठ. हा कितीतरी मृदू. आमच्या नवघराच्या आसपासच्या खडकांचाही नाही म्हणावा, कारण येथून दक्षिणेस चौथे स्टेशन जे कांदिवली, तेथील खाणीने जगाला दिलेला फिकट हिरवा दगड प्रेह्नाइट होय. तो काचेवर ओरखडा काढतो, त्याचे स्फटिक बहुधा गोलसर पुंजक्यांत येतात आणि त्याच्या हिरवेपणाशी लोहाचा संबंध असतो. हा खडा वरघाटचा, ॲपोफिलाइटच.

गृहस्थ काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मग इतके दिवस पूजा केली ती फुकटच का हो? आणि आता याला देवघरातून काढू की राहू देऊ?’

या प्रश्नाची थट्टा करणारे पुष्कळ आहेत. मी करणार नाही. त्यात धर्मशास्त्राचा एक खरा पेच आहे. संकल्प पाचूच्या नावाने झाला, द्रव्य दुसरे निघाले; कर्म सिद्ध झाले की नाही? मीमांसकांनी प्रतिनिधी द्रव्याचा विचार केला आहे: विहित द्रव्य न मिळाल्यास त्याच्याशी सदृश दुसरे घेऊन कर्म पुरे करता येते, मात्र तेथे यजमानाला ठाऊक असते की हा प्रतिनिधी आहे. अजाणतेपणी फसविला गेलेला यजमान हा वेगळा विषय. माझ्या अल्प बुद्धीला असे वाटते की, भक्ताची भक्ती खोटी होत नाही, कारण ती खड्याला नव्हे, खड्याच्या द्वारा अर्पण झालेली असते. परंतु विक्रेत्याचे पाप त्यामुळे कमी होत नाही, उलट श्रद्धेच्या आड लपल्याने ते दुणावते. आणि खड्याचाही एक अपमान झालेला असतो, ज्याकडे कोणाचे लक्ष जात नाही: त्याला त्याच्या नावाने कोणी हाक मारली नाही. खड्यांमध्ये ग्रह बदलण्याची शक्ती आहे असे मी मानत नाही. त्या गृहस्थांस मी एवढेच सांगितले की, खडा देवघरात ठेवायचा तर त्याच्या सौंदर्यासाठी ठेवा, पाचू म्हणून नव्हे; आणि पाणी-साबणाने घासू नका, पापुद्रा सुटेल.

त्यांनी शेवटी किंमत विचारली, आणि येथून मोलाचा प्रश्न सुरू होतो. कौटिल्याने कोशात घेण्याजोग्या रत्नांच्या परीक्षेस एक पूर्ण प्रकरण दिले. वराहमिहिराने बृहत्संहितेत रत्नपरीक्षा सांगितली. या परंपरेत रंग, तेज, स्निग्धता, निर्दोषता आणि उत्पत्तिस्थान यांवर मोल ठरते, आणि आजचा संग्राहकही नेमके हेच पाहतो: हिरवा किती खोल, टोक अभंग आहे की नाही, जोडीला असलेल्या स्टिल्बाइट या केशरी-गुलाबी खनिजावर तो कसा उठून दिसतो, आणि कोणत्या खाणीचा. नावानेही किंमत उलटीपालटी होते. पाचू हा बेरिल या खनिजाचाच एक प्रकार; १९६३ साली ब्राझीलमध्ये असा हिरवा बेरिल सापडला ज्याचा रंग प्रामुख्याने व्हॅनेडियमचा होता, आणि त्याला पाचू म्हणावे की केवळ हिरवा बेरिल, यावर रत्नपारख्यांत मोठा वाद झाला. क्रोमियमचा हिरवा तोच पाचू, असा एका पक्षाचा आग्रह. डोळ्याला दोन्ही सारखे. मोल डोळ्यात असते तर वादाला कारण नव्हते.

आपल्या धर्माने मोलाची एक निराळीच रीत सांभाळली आहे, ती मला विलक्षण वाटते. गंडकीचा शाळिग्राम लक्षणांवरून ओळखायचा, त्यावरील चक्रे बारकाईने पाहायची, परीक्षा कसून करायची. पण त्याची किंमत करायची नाही, क्रयविक्रय निषिद्ध. नर्मदेच्या बाणलिंगाला प्राणप्रतिष्ठेचीही जरुरी नाही, ते ओळखले की पुरे. म्हणजे ओळख आणि किंमत या दोन क्रिया आपल्या पूर्वजांनी अलग केल्या होत्या. बाजारात ओळख ही किमतीची दासी. येथे ओळख हीच पूर्णता. मी हिरव्या ॲपोफिलाइटची विक्री बंद करा असे म्हणत नाही, खाणीवरच्या अनेक कुटुंबांना त्याचा आधार आहे. पण किंमत कळण्याआधी जी थोडी वेळ निव्वळ ओळखण्याची असते, तिला मी पूजेचा दर्जा देतो आणि त्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

सरकारी दफ्तरात मात्र या स्फटिकाला जागाच नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४८व्या कलमाने खनिजांवर सरकारचा हक्क सांगितला आहे. बांधकामाचा दगड हा गौण खनिजांत मोडतो. त्याची मोजदाद ब्रासने, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापाने होते आणि त्यावर स्वामित्वधन भरावे लागते. परवाना, वाहतूक पास, उत्खननाचा पंचनामा, सर्व काही ब्रासच्या हिशेबात. या हिशेबात पोकळीतला हिरवा स्फटिक आणि रस्त्यावर अंथरायची खडी यांत भेद नाही. क्रशरच्या जबड्यात दोन्ही एकाच दराने जातात. पाषाणच्या परिसरात शहर पसरले, वाघोलीच्या खाणींच्या कडेला इमारतींचे मजले चढले. उघडल्या गेलेल्या पोकळ्यांपैकी ज्या कोणी पाहिल्या नाहीत त्या आपल्याच घरांच्या भिंतींत आणि पुलांच्या खांबांत काँक्रीट होऊन बसल्या आहेत.

माझी दरखास्त एवढीच आहे, आणि ती महसूल खात्याने अव्यवहार्य म्हणून फेटाळू नये. खाणीच्या परवान्यात एक रकाना वाढवावा: स्फटिकयुक्त पोकळी आढळल्यास तिचे स्थान, खोली, तारीख आणि खनिजाचे नाव, ते नाव तलाठ्याने अंदाजाने न लिहिता भूविज्ञान शिकविणाऱ्या जवळच्या महाविद्यालयाकडून लिहवून घ्यावे, आणि ज्याच्या सुतकीने ती पोकळी उघडली त्या मजुराला त्या दिवसाच्या मजुरीखेरीज आणखी काय मिळाले, हेही त्याच रकान्यात नोंदले जावे.